मसाई माराच्या वेशीवर, एका कुटुंबाच्या छोट्या कॅम्पमध्ये राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नैरोबीत राहते. त्यामुळे दरवर्षी शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून, कधी दुबई-मस्कतहून निरोप यायला लागतात. पहिला प्रश्न बहुधा हॉटेलबद्दलचा असतो. मी उलट विचारते, "हॉटेल कशाला? कुणाच्या तरी कॅम्पवर राहा." मग पुढचे वीस प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं केनियातल्या मसाई माराभोवतीच्या कंझर्व्हन्सींमधल्या (म्हणजे काय ते प्रश्न २ मध्ये) कौटुंबिक कॅम्पबद्दल आहेत, कारण तो भाग मला नीट माहीत आहे. शुल्क आणि नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी कॅम्पकडून लेखी खात्री करून घ्या.

१. कौटुंबिक सफारी कॅम्प म्हणजे नेमकं काय? लॉजपेक्षा तो वेगळा कसा?

सहा ते दहा-बारा तंबू, एक सामाईक जेवणाचा तंबू (त्याला सगळे मेस टेंट म्हणतात), मागे स्वयंपाकघर आणि मध्ये शेकोटीची जागा. कॅम्प चालवणारं कुटुंब तिथेच राहतं किंवा निदान हंगामात तरी तिथेच असतं. काही कुटुंबं केनियात तीन-चार पिढ्या असलेली गोरी आहेत, काही नैरोबीची भारतीय वंशाची आहेत, आणि आता स्थानिक मसाई समाजातल्या कुटुंबांनी स्वतः उभे केलेले कॅम्पही आहेत. लॉजवर शंभर-दीडशे पाहुणे, बुफे आणि स्वागतकक्ष असतो. इथे रात्री सगळे एका लांब टेबलाशी बसतात, आणि दिवसभर गाडी चालवलेला गाइडही अनेकदा शेजारी असतो. सकाळी दिसलेल्या सिंहिणीची आई कोण आणि तिची मागची पिल्लं का जगली नाहीत, हे तो जेवताना सांगतो. मला स्वतःला सफारीचा अर्धा आनंद त्या टेबलावर मिळतो.

२. "कंझर्व्हन्सी" हा शब्द सारखा दिसतो. ती आणि मसाई मारा अभयारण्य एकच का?

नाही, आणि हा फरक कळला की बाकीची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह साधारण १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. ते नारोक काउंटीच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या ताब्यात आहे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला जी गवताळ जमीन पसरली आहे ती सरकारची नाही, मसाई कुटुंबांची आहे. पूर्वी ती ग्रुप रँच म्हणून सामाईक होती, नंतर तिची वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडा आला. वाटणी झाली की तारेचं कुंपण येतं आणि कुंपण आलं की जनावरांच्या वाटा बंद होतात. ते टाळायला जमीनमालकांनी एकत्र येऊन आपापले तुकडे सलग ठेवले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. हीच कंझर्व्हन्सी. भाडं जमिनीच्या आकारानुसार ठरतं आणि थेट मालकाला मिळतं. पर्यटक कमी आले तरी ते द्यावं लागतं, हा कराराचा कणा आहे.

ओल किन्येई २००५ मध्ये सुरू झाली, ओलारे ओरोक २००६ मध्ये (आता ती ओलारे मोतोरोगी म्हणून ओळखली जाते), मारा नॉर्थ २००९ मध्ये आणि नाबोईशो २०१० मध्ये. नाबोईशोत साधारण पन्नास हजार एकर जमीन आहे आणि पाचशेच्या आसपास जमीनमालक. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्याने कंझर्व्हन्सीला जमीन वापरण्याचा अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली. देशातली निम्म्याहून जास्त वन्य जनावरं राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, अशाच खासगी आणि सामाईक जमिनींवर राहतात. त्यामुळे इथे कोण राहतं, किती पैसे देतं आणि ते कुणाच्या हातात पडतात, यावर बरंच अवलंबून आहे.

पाहुण्याला यातून काय मिळतं? गाड्या कमी. तंबूंची संख्या जमिनीशी बांधलेली असते, काही कंझर्व्हन्सींमध्ये एका तंबूमागे साधारण ७०० एकर. एका जनावराभोवती पाचच्या वर गाड्या थांबू देत नाहीत. रस्ता सोडून गवतात गाडी नेता येते, अंधार पडल्यावर फिरता येतं, गाइडसोबत पायी चालता येतं. रिझर्व्हमध्ये यातलं काहीही करता येत नाही. ताडोब्याची ठरलेली गेटं आणि ठरलेल्या पाळ्या डोळ्यांसमोर असतील, तर हा मोकळेपणा पहिल्या दिवशी खराच वाटत नाही.

३. सगळ्यांच्या नावात "मारा" आहे. बुकिंग करताना गोंधळ कसा टाळू?

सर्वांत जास्त गोंधळ "मारा कंझर्व्हन्सी" या नावाने होतो. ती संस्था रिझर्व्हचाच पश्चिमेकडचा भाग, मारा ट्रँगल, २००१ पासून सांभाळते आहे. तिथलं काम उत्तम आहे, पण तिथे रिझर्व्हचेच नियम लागू होतात. "मारा नॉर्थ कंझर्व्हन्सी" हे वेगळं प्रकरण, ती प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या प्रकारची आहे.

दुसरी अडचण "रिझर्व्हला लागून" असं लिहिणाऱ्या कॅम्पची. त्यातले काही गेटाबाहेरच्या वस्तीत असतात, कोणत्याच कंझर्व्हन्सीत नसतात. स्वस्त असतात आणि त्यात वाईट काही नाही, पण रोज गेटावर शुल्क भरून आत जावं लागतं. म्हणून कॅम्पला तीन गोष्टी सरळ विचारा: तंबू कोणत्या जमिनीवर आहेत, दरात कोणतं शुल्क धरलं आहे आणि छोटी विमानं उतरतात ती जवळची धावपट्टी कोणती. मोघम उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

४. कधी यावं? जुलै ते ऑक्टोबरच योग्य का?

विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) मोठे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. गर्दी आणि दर तेव्हाच सर्वांत जास्त. पण सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती, जिराफ, तरस इथेच राहतात, ते कुठे जात नाहीत. माझी आवड विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी: आकाश स्वच्छ, गवत आखूड, पिल्लं भरपूर आणि गाड्या कमी. लोइता पठाराकडचे विल्डबीस्टचे वेगळे, छोटे कळपही कंझर्व्हन्सींमध्ये उतरतात. गव्हाची शेती आणि कुंपणं वाढल्यामुळे ते कळप गेल्या काही दशकांत फार रोडावले आहेत. जून महिनाही चांगला.

मार्च ते मे मोठा पाऊस. एप्रिल-मेमध्ये बरेच छोटे कॅम्प बंदच असतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सरी सहसा दुपारनंतर येऊन जातात, त्यांना घाबरू नका. नदी ओलांडणारे कळपच पाहायचे असतील तर प्रश्न १८ वाचा.

५. किती रात्री पुरेशा?

एकाच कॅम्पवर तीन, जमल्यास चार. पाच दिवसांत तीन उद्यानं करणाऱ्या सहली मी कुणालाच सुचवत नाही. त्यात निम्मा वेळ रस्त्यावर जातो, आणि गाइडला तुमची आवड कळेपर्यंत निघायची वेळ होते.

६. खर्च किती येतो, आणि त्यात काय-काय येतं?

छोट्या कौटुंबिक कॅम्पचा दर हंगामाप्रमाणे माणशी, रात्रीमागे साधारण ३०० ते ७०० अमेरिकी डॉलर. याच्या खूप वरचे कॅम्पही आहेत. आकडा मोठा वाटतो, पण त्यात राहणं, तिन्ही वेळचं जेवण, चहा-पाणी, रोजच्या दोन गेम ड्राइव्ह (गाडीतून जनावरं बघायच्या फेऱ्या), गाइड, पायी फेरी, बहुतेक ठिकाणी कपडे धुणं आणि धावपट्टीवरून नेणं-आणणं हे सगळं असतं. वेगळे पडतात ते विमानाचे पैसे, टिप (प्रश्न १७) आणि अनेकदा कंझर्व्हन्सीचं शुल्क. हे शेवटचं दरपत्रकात बारीक अक्षरांत असतं, म्हणून बेरीज करण्याआधी विचारून घ्या. जमिनीच्या भाड्याचा मोठा भाग याच शुल्कातून जातो, तेव्हा त्यात घासाघीस करू नका. दर कमी हवा असेल तर कमी गर्दीचे महिने निवडा.

७. व्हिसा लागतो का? यलो फिव्हरची लस घ्यावीच लागते का?

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी इटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. भारतीय पासपोर्टला ती लागते. कॅम्पचं बुकिंग, तिकीट आणि फोटो अपलोड करावे लागतात. किमान तीन दिवस आधी अर्ज करा असं सांगतात, मी दोन-तीन आठवडे आधीच करायला लावते. टांझानियात जाणार असाल तर तिथला व्हिसा वेगळा.

यलो फिव्हरची लस मुख्यतः परतीसाठी लागते. केनियाहून भारतात येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतर वैध होतं. आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी लस घेण्याआधी त्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. अशा कुणालाही "घेऊन टाका" असा सल्ला मी देत नाही.

८. मलेरियाच्या गोळ्या?

मारात मलेरिया आहे. गोळ्या घ्याव्यात, पण कोणत्या ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण प्रत्येकीचे दिवस आणि दुष्परिणाम वेगळे असतात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं क्रीम वापरा. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेहून आलोय हे आधी सांगा.

९. मुंबईहून कॅम्पपर्यंत कसं पोहोचायचं? सामानाची मर्यादा खरंच १५ किलो?

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. केनियाची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे. पुढे दोन पर्याय आहेत.

छोटी विमानं नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटतात, आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नाही. दोन्हींमध्ये शहर आहे आणि शहरात वाहतूक आहे, त्यामुळे मध्ये किमान चार तास ठेवा किंवा एक रात्र नैरोबीत काढा. उड्डाण पाऊण ते एक तासाचं. हे विमान वाटेत दोन-तीन धावपट्ट्यांवर थांबतं, तेव्हा आपली कोणती ते पाठ करून ठेवा. मर्यादा १५ किलोची आहे आणि त्यात हातातली बॅगही धरतात. बॅग मऊ, बिनचाकांची हवी, कारण विमानाच्या पोटातल्या कप्प्यात कडक सुटकेस मावत नाही. कपडे धुऊन मिळतात, तीन जोड पुरतात. अंतर्वस्त्रं मात्र बऱ्याच कॅम्पवर धूत नाहीत, त्यासाठी तंबूत साबणाची पूड ठेवलेली असते.

रस्त्याने पाच-सहा तास, रिफ्ट व्हॅलीचा उतार उतरून नारोकमार्गे. नारोक हे वाटेतलं शेवटचं मोठं गाव; औषधं, पैसे, सिमकार्ड तिथेच उरकायचं. कंबरदुखी असेल तर विमानच घ्या, शेवटचे कच्च्या रस्त्यावरचे तास हाडं खिळखिळी करतात.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर, पाण्याच्या बाटल्यांसह, जून २०२० पासून. चपला, ओले कपडे, लाडूचे डबे, सगळं कापडी पिशव्यांतून आणा.

१०. कुंपण नाही म्हणता. मग रात्री जनावर तंबूपाशी आलं तर?

येतं. हत्ती येतात, तरस येतात, कॅम्प नदीकाठी असेल तर पाणघोडे चरायला वर येतात. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते, त्यामुळे जवळ वाटली तरी तो बहुधा दूर असतो. तंबू पूर्ण बंद असेल तर जनावर त्याला झाड किंवा दगडासारखाच एक अडथळा मानून वळसा घालतं. नियम थोडे आहेत, आणि ते काटेकोर पाळायचे.

अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. जेवायला जाताना आणि येताना अस्कारी, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, सोबत येतो. तो बहुधा आसपासच्याच गावचा मसाई असतो, आणि अंधारात उभं असलेलं जनावर तुमच्या बॅटरीला दिसण्याआधी त्याला जाणवतं. तंबूत शिट्टी किंवा वॉकीटॉकी असते, अडचण आली तर ती वापरा, संकोच करू नका. झिप पूर्ण लावायची. खाण्याचा एक कणही तंबूत ठेवायचा नाही. शेंगदाण्याच्या लाडवासाठी बबून तंबू फाडतात, आणि रात्री वास काढत तरस येतं. सकाळी बूट झटकून घालायचे.

पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे बहुतेक सगळ्यांचं होतं. भीती वाटत असेल तर मालकांना तसं सांगा, ते मेस टेंटजवळचा तंबू देतात. आणि पायी फेरीत गाइड जे सांगेल ते त्याच क्षणी करायचं. "थांबा" म्हणजे थांबा. पळायचं तर कधीच नाही.

११. बाथरूम, गरम पाणी, वीज, वाय-फाय?

बाथरूम तंबूला जोडूनच असते. फ्लशचं शौचालय बहुतेक ठिकाणी असतं, अगदी साध्या फिरत्या कॅम्पवर खड्ड्याचं. अंघोळ बादलीच्या शॉवरखाली: तंबूमागे खांबावर टांगलेल्या बादलीत वीसेक लिटर गरम पाणी भरतात. तुम्ही वेळ सांगायची, माणूस पाणी ओतून "तयार आहे" अशी हाक देतो. डोकं धुवायचं असेल तर जास्तीची बादली आधी सांगा. लाकूड आणि पाणी दोन्ही मोजून वापरावं लागतं.

वीज सौर. दिवे असतात, पण मोबाइल आणि कॅमेरे बहुधा मेस टेंटमध्ये चार्ज करायचे. हेअर ड्रायर, इस्त्री, पाणी तापवायची किटली आणू नका. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. इंटरनेट असलं तर मेस टेंटपुरतं. ऑफिसची मीटिंग लावून येऊ नका.

१२. दिवस कसा जातो? कपडे कोणते?

साडेपाचला तंबूबाहेर चहा-बिस्किटं, सहाला गाडी. उघड्या गाडीत पहाटे खूप गारठा असतो. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. स्वेटर, कानटोपी, वर जाकीट, आणि नऊ वाजता ते सगळं काढायचं. न्याहारी गवतात गाडीच्या बॉनेटवर. अकरापर्यंत परत, जेवण, विश्रांती, चारला पुन्हा बाहेर, सूर्यास्ताला कुठेतरी उंचवट्यावर थांबून काहीतरी पेय, मग बॅटरीच्या उजेडात रात्रीची जनावरं बघत परत. रंग मातीचे, फिकट हिरवे. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, केनियात ते नागरिकांना चालत नाहीत.

१३. आम्ही शाकाहारी आहोत, आई-बाबा कांदा-लसूणही खात नाहीत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. केनियात भारतीय लोक सव्वाशे वर्षांहून जास्त काळ राहत आहेत. चपाती आणि चहा इथल्या घराघरांत आहेत, आणि कॅम्पच्या आचाऱ्याला डाळ, भाजी, चपाती ही परकी गोष्ट नाही. त्याची चपाती आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट, पराठ्याच्या जवळची, मुलांना फार आवडते. स्थानिक पदार्थांतही पुष्कळ शाकाहारी आहेत: मका आणि घेवड्याचं गिथेरी, नारळात शिजवलेला राजमा, सुकुमा विकी ही पालेभाजी आणि मक्याच्या पिठाची उगाली. पहिल्याच जेवणात "दाल आहे का?" विचारण्यापेक्षा एकदा गिथेरी मागून बघा.

पण महत्त्वाचं हे की भाजीपाला नैरोबीहून किंवा नारोकहून आठवड्यातून एक-दोनदाच येतो. तुम्ही आल्यावर सांगितलंत तर आचारी हतबल असतो. दोन-तीन आठवडे आधी लिहून कळवा, आणि नुसतं "व्हेज" लिहू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, कंदमुळं चालतात का, सूर्यास्ताआधी जेवायचं आहे का, हे एकेक ओळीत लिहा. छोट्या कॅम्पचं मोठेपण इथे दिसतं. चौविहार पाळणाऱ्या आजींसाठी संध्याकाळची फेरी आखडून वेळेत ताट वाढलेलं मी पाहिलं आहे. भांडी मात्र बहुधा एकच असतात. ते चालणार नसेल तर बुकिंगआधी स्पष्ट विचारा आणि "नाही जमणार" हे उत्तर आलं तर त्याचा आदर करा.

चिवडा, मेतकूट, लोणचं बंद डब्यात आणा आणि मेस टेंटमध्ये सोपवा (का ते प्रश्न १० मध्ये). एक डबा आचाऱ्यांना चाखायला द्या.

१४. लहान मुलं आणि सत्तरीचे आई-वडील, दोघांना घेऊन येता येईल का?

मुलांचं किमान वय प्रत्येक कॅम्पचं वेगळं: कुठे पाच-सहा, कुठे बारा. पायी फेरीला बहुतेक ठिकाणी बारा किंवा अधिक. पाच वर्षांच्या मुलाला तीन तास शांत बसवणं हा त्याच्यावर आणि गाडीतल्या इतरांवर अन्याय आहे, म्हणून कुटुंबासाठी वेगळी गाडी घ्या. थोडे जास्त पैसे पडतात, पण कंटाळलं की परत फिरता येतं. ज्यांच्या मालकांना स्वतःची मुलं आहेत ते कॅम्प यात फार चांगले असतात, तिथे मुलं ठशांवरून जनावर ओळखायला, धनुष्य करायला शिकतात.

वडीलधाऱ्यांसाठी अडचण गुडघ्यांची. गाडीची पायरी उंच असते आणि तंबूपर्यंतची वाट खडबडीत. लाकडी पायरी आणि जवळचा तंबू आधी मागून ठेवा. रात्री गरम पाण्याची पिशवी अंथरुणात ठेवतात, ती त्यांना फार सुखाची वाटते.

१५. इन्सुलिन, झोपेतलं श्वासाचं यंत्र, अचानक आजारपण: काय सोय असते?

इन्सुलिनसाठी कॅम्पच्या फ्रिजमध्ये जागा मिळते, डब्यावर नाव लिहून द्या. श्वासाच्या यंत्राला रात्रभर वीज लागते आणि ती प्रत्येक कॅम्पवर नसते, तेव्हा वॅटचा आकडा लिहून विचारा. शक्यतो स्वतःची बॅटरी आणा, मात्र विमानात तिचे नियम आधी बघा.

गंभीर आजार झाला तर विमानाने नैरोबीला हलवतात. हे काम करणाऱ्या ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची मूळ संस्था १९५७ पासून पूर्व आफ्रिकेत आहे. अनेक कॅम्पच्या दरात तिचं सुरक्षा-कवच धरलेलं असतं, पण ते नैरोबीपर्यंत नेण्यापुरतं. पुढच्या उपचारांचा खर्च तुमच्या प्रवास विम्यातून, म्हणून विमा हवाच. गरोदरपणात खडबडीत रस्ते, मलेरिया आणि लस या तिन्ही कारणांनी मी यायला सुचवत नाही.

१६. एवढे पैसे भरून आलो आणि सिंहांच्या भागात गाई चरताना दिसल्या! मसाईंना यातून खरंच काही मिळतं का?

दोन प्रश्न वेगवेगळे येतात, पण त्यांचं उत्तर एकच आहे.

जमीन मसाईंची आहे आणि गाय हे त्यांचं धन आहे. कंझर्व्हन्सीत कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात गुरं चरतील हे ठरलेलं असतं, रात्री ती काटेरी किंवा मजबूत जाळीच्या बोमात, म्हणजे गुरांच्या कोंडवाड्यात, परततात. नीट फिरवत चारलं तर गवत आखूड आणि कोवळं राहतं, आणि झेब्रे, हरणं त्याच गवतावर येतात. दुष्काळात हे नियम ताणले जातात, वादही होतात. गाई दिसणं हे व्यवस्था चालू असल्याचं लक्षण आहे. सिंहाने गाय मारली तर त्या घराचं मोठं नुकसान होतं, आणि तरीही तिथे सिंह आहेत, हे लक्षात ठेवून त्या गुराख्याला हात करा.

मिळकतीचं म्हणाल तर भाडं मिळतं, कॅम्पवर नोकऱ्या मिळतात, आणि नाबोईशोतल्या कोयाकी गाइडिंग स्कूलमधून तिथलीच मुलं-मुली गाइड होऊन बाहेर पडली आहेत. उणिवाही आहेत. सातबारा म्हणावा असा जमिनीचा कागद बहुधा पुरुषाच्या नावावर असतो, त्यामुळे भाडं बाईच्या हातात थेट येत नाही. ज्यांना वाटणीत जमीनच आली नाही ते बाहेर राहतात. २०२० मध्ये महासाथीत पर्यटक थांबले तेव्हा बऱ्याच जमीनमालकांना कमी भाडं मान्य करावं लागलं. म्हणून कॅम्प निवडताना विचारा: जमिनीचं भाडं कसं देता, कर्मचारी कुठले आहेत, वरच्या जागांवर मसाई किती आहेत, बायका किती आहेत? चांगल्या कॅम्पचे मालक यावर तासभर मनापासून बोलतात. मला तरी जेवणाच्या यादीपेक्षा हे उत्तर कॅम्पबद्दल जास्त सांगतं.

१७. टिप किती, कशी द्यायची? आणि फोटो, ड्रोन, मन्याटाची भेट?

गाइडला पाहुण्यामागे दिवसाला १० ते २० डॉलर, बाकी सर्वांसाठी सामाईक पेटीत तेवढ्याच्या आसपास. निघताना, पाकिटात घालून. आचारी आणि पाणी भरणारा तुम्हाला क्वचित दिसतात, पेटीतलं त्यांनाच पोहोचतं. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या आणा.

माणसांचा फोटो विचारून, नकार आला तर कॅमेरा खाली. मन्याटा, म्हणजे मसाई वस्ती, पाहायची तर कॅम्पच्या ओळखीने जा आणि पैसे कुणाला जातात ते विचारा. ड्रोन परवानगीशिवाय आणू नका, विमानतळावरच काढून घेतात.

१८. कंझर्व्हन्सीत राहून नदी ओलांडणारे विल्डबीस्ट पाहता येतील का?

कळप मारा नदी ओलांडतात त्या प्रसिद्ध जागा मुख्यतः रिझर्व्हमध्ये आहेत, त्याच्या मारा ट्रँगल या भागातही. कॅम्प तुम्हाला दिवसभरासाठी तिकडे नेतो, पण रिझर्व्हचं शुल्क वेगळं पडतं. २०२४ पासून परदेशी प्रौढाला ते जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. कळप पाण्यात उतरेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, काठावर पाच तास थांबून ते परत फिरतात. गर्दीच्या दिवशी काठावर गाड्यांची रांग लागते, आणि गाड्यांनी वाट अडवल्यामुळे बिचकलेले कळप मी पाहिले आहेत. जायचंच तर एक पूर्ण दिवस ठेवा, आणि गाइडला "अजून पुढे घ्या" असं कधीही म्हणू नका.

१९. गाइड चांगला आहे हे आधी कसं कळेल?

केनियात सफारी गाइडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. कॅम्पला गाइडची पायरी विचारा. सिल्व्हर मिळायला बरीच वर्षं जातात, गोल्ड तर मोजक्यांकडे आहे. पण नव्या ब्राँझ गाइडकडेही त्याच्या गावच्या जमिनीची माहिती अपार असते. पक्षी, झाडं, फोटो, जे आवडतं ते पहिल्या संध्याकाळी त्याला सांगा.

२०. पावसाने धावपट्टी बंद झाली किंवा गाडी रुतली तर? परतीच्या दिवशी लगेच मुंबईचं विमान घेऊ का?

इथली काळी माती ओली झाली की चाकाला धरून बसते. गाडी रुतली तर गाइड रेडिओवर दुसरी गाडी बोलावतो, तुम्ही तो सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. धावपट्टी चिखलाची झाली तर विमान शेजारच्या पट्टीवर उतरवतात आणि कॅम्पची गाडी तुम्हाला तिथे नेते, त्यात दोन तासही जाऊ शकतात. म्हणून मारातून सकाळच्या विमानाने निघालात तर मुंबईचं विमान रात्रीचं घ्या. मारातून दुपारनंतरचं विमान असेल तर ती रात्र नैरोबीत काढा. मारातलं छोटं विमान आणि मुंबईचं विमान एकाच तिकिटावर नसतात, त्यामुळे पुढचं विमान चुकलं तर नवीन तिकीट स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं. मार्च ते मे या दिवसांत येणार असाल तर एक जास्तीचा दिवस आधीच धरून ठेवा.